मेटल बँडची टूर कोकणात का उतरत नाही, आणि उतरलीच तर कशी उतरेल

चिपळूणच्या एका मुलाने विचारलं आहे: "दादा, आमचा चौघांचा मेटल बँड आहे. आयर्न मेडन, मेटालिका, गन्स अँड रोझेस भारतात येऊन गेले, पण मुंबई, बंगळूर, दिल्ली यापलीकडे कोणी सरकत नाही. यांची जगभरची टूर ठरते तरी कशी? आणि आपल्या किनाऱ्यावर, गणपतीपुळ्याला म्हणा, मालवणला म्हणा, असा शो कधी होईल का?"

मी कुडाळचा, साउंडवाला. धयकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावतारी खेळाला, माडावर कर्णे बांधण्यापासून सुरुवात केली, त्याला सव्वीस वर्षं झाली. आता नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबई-गोव्याच्या मोठ्या शोंवर सिस्टिम टेक म्हणून जातो. म्हणजे स्पीकर टांगायचे, त्यांचा टाइम जुळवायचा आणि बँडचा इंजिनियर मिक्सरवर येईपर्यंत सगळं वाजतं करून ठेवायचं. बाकीचे महिने डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना), नाटकं, लग्नं. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, म्हणून उत्तर लांबेल.

शो होईल, पण मेडनचा नाही. का ते सांगतो.

कोकणात ऐकणारे नाहीत म्हणून कोणी येत नाही, असं वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढ. आमच्याकडे डबलबारी पहाटेपर्यंत रंगते आणि मैदानातला माणूस उठत नाही. टूर आखणारा मात्र माणसं नंतर मोजतो. त्याच्यासमोर आधी नकाशा असतो आणि घड्याळ असतं. युरोपात जून ते ऑगस्ट फेस्टिवलांचा हंगाम: इंग्लंडात डाउनलोड, फ्रान्सच्या क्लिसाँ गावात हेलफेस्ट, ऑगस्टच्या तोंडाला जर्मनीत वाकेन. तिथलं मानधन दांडगं, म्हणून त्या तारखा आधी खुंटीला बांधल्या जातात. दोन खुंट्यांमध्ये जे दिवस उरतात, तिथे वाटेतली शहरं भरायची. रात्री साडेदहाला शो संपला की दीड-दोनपर्यंत ट्रक बंद झाले पाहिजेत आणि सकाळी आठला पुढच्या शहरात उघडले पाहिजेत. त्या बेतात बसेल एवढंच अंतर चालतं. बँड हॉटेलात बसलेला दिवसही फुकटचा नसतो. पन्नास माणसांचा पगार, खोल्या आणि भाड्याचं सामान त्या दिवशीही चालूच असतं.

आपण त्यांच्या नकाशावर येतो ते बहुतेक वेळा युरोप किंवा आखात आणि पुढे ऑस्ट्रेलिया-जपान यांच्या मधलं ठिकाण म्हणून. मेडनचंच घे. १७ मार्च २००७ ला ते पहिल्यांदा बंगळूरला, पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेले. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला त्यांच्या नव्या जागतिक टूरची सुरुवातच मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. मी तेव्हा तिकीट काढून गर्दीत उभा होतो, आणि खरं सांगायचं तर गाण्यांपेक्षा स्टेजमागची धावपळच जास्त बघत होतो. मुंबईहून ते पर्थ, मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, तिथून जपान, लॉस एंजेलिस, मेक्सिको, कोस्टारिका, बोगोटा असे फिरत मार्चच्या मध्यावर टोरांटोला पोचले. एवढ्या वाटेवर ट्रक काय कामाचा? त्यांनी बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, मागच्या सीटा काढून तिथे साधारण १२ टन सामान भरलं, पुढे बँड आणि क्रू. वैमानिकाच्या जागी त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन, कारण त्याच्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता. लोकांना ती गंमत वाटते, पण हिशेब पक्का होता. माणसं एका विमानाने आणि सामान दुसऱ्याने असं पाठवलं की सामान कधी पोचेल ते सामानालाच ठाऊक. एकाच विमानात सगळं असलं की एरवी हिशेबात न बसणारी कोस्टारिकासारखी ठिकाणंसुद्धा बसतात.

पुढे २०१६ ला त्यांनी थेट ७४७ घेतलं. त्या मार्चमध्ये चिलीत, सॅंटियागो विमानतळावर विमान ओढून नेताना ते ओढणाऱ्या गाडीवरच आदळलं, दोन इंजिनांचं नुकसान झालं. सामान दुसऱ्या मार्गाने हलवून अर्जेंटिनातला पुढचा शो त्यांनी केलाच. टूरमध्ये कौतुक करावं ते याचं. गाणं सगळ्यांनाच येतं.

आता ते १२ टन म्हणजे काय, ते नीट समजून घे, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. त्यात स्टेज नव्हतं, मैदानभर ऐकू जाणारे स्पीकर नव्हते, जनरेटर नव्हता. लग्नाचा आचारी कसा स्वतःचा झारा, सुरी आणि मसाल्याचा डबा घेऊन येतो आणि चूल, पातेली, पाणी यजमानाचं असतं, तसंच हे. गिटार, ड्रम, अँप्लिफायर, मिक्सर, कानातले मॉनिटर, पडदे, त्यांचा तो एडी नावाचा राक्षस हे बँडचं. उरलेलं सगळं आयोजकाने तिथल्या तिथे उभं करायचं. आचारी आधी यादी पाठवतो, तशी बँडही पाठवतो. तिला टेक्निकल रायडर म्हणतात. कुठल्या मेकचे स्पीकर, किती, किती उंचीवर टांगलेले, छपराने किती टन वजन पेललं पाहिजे, किती केव्हीएचे जनरेटर आणि त्यातला एक जादा, अडथळ्याचं बॅरिकेड कुठल्या प्रकारचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

बॅरिकेडचं वाचून हसू नकोस. २८ ऑक्टोबर २०११ ला गुडगावला मेटालिकाचा शो ऐन वेळी थांबला, तो गर्दी आणि स्टेजमधल्या बॅरिकेडच्या सुरक्षेवरूनच. चिडलेल्या लोकांनी स्टेजवर चढून मोडतोड केली, आयोजकांपैकी काहींना अटक झाली. दोनच दिवसांनी तोच बँड बंगळूरला दणक्यात वाजवून गेला.

सामान देशात आणायचं तर कस्टम्स. त्यासाठी एटीए कार्नेट नावाचं बाड असतं, सामानाचा पासपोर्टच म्हण ना. 'हे विकायला आणलेलं नाही, परत नेणार आहोत' याची हमी. ते वर्षभर चालतं; आपल्याकडून बाहेर जाताना फिक्की देते. त्यात प्रत्येक वस्तू, तिचं वजन, किंमत, सीरियल नंबर. एकदा मी एका युरोपियन बँडच्या शोवर होतो (नाव घेत नाही, करारात तसं लिहिलेलं असतं). यादी टाइप करणाऱ्याने एका पेटीच्या नंबरात ३ च्या जागी ८ मारला होता. पेटी अडकली. आत गिटारवाल्याचे सगळे पेडल. गेट पाचला उघडायचं, पेटी आली सव्वाचारला. तो गोरा मुलगा तोवर स्टेजच्या पायरीवर बसून शेंगदाणे सोलत होता, खात मात्र एकही नव्हता.

आता आपला किनारा. रस्त्यावर फार बोलत नाही, तू महामार्गावरच राहतोस. चाळीस फुटी ट्रेलर आंबा घाटातून किंवा कुंभार्लीतून काढायचा तर रात्र तिथेच जाते. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाची धावपट्टी अडीच किलोमीटरची, तिथे मोठं मालवाहू विमान उतरवायचा विचार कोणी करणार नाही. गोव्याचा मोपा विमानतळ झाल्यापासून सिंधुदुर्गाला तो मार्ग जवळचा झाला आहे, पण तिथवर आलेला बँड गोव्यातच वाजवेल, बांद्याचा नाका ओलांडून का येईल? हे सगळं पैशाने सुटण्यासारखं आहे. पैशाने न सुटणारा आहे तो वारा.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आमच्याच भागात एका पुळणीवर रॉक शो केला होता. स्टेजची पाठ समुद्राला, प्रेक्षक गावाच्या बाजूला, कारण फोटोत मागे पाणी दिसावं अशी आयोजकाची इच्छा. दुपारी चारला साउंडचेक केलं. खारा वारा अंगावर येत होता, म्हणजे स्टेजकडून लोकांकडे. वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज खाली वाकतो, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत झांज न् झांज स्वच्छ. मी खूश. साडेआठला वारा पडला. साडेनऊच्या सुमाराला मतलई सुरू झाला, जमिनीकडून समुद्राकडे. आता आवाज वाऱ्याच्या तोंडावर चालला होता, आणि तसा आवाज वर उचलला जातो. पुढच्या पन्नास फुटांत कान फुटतील असा दणका आणि मागे उभ्या असलेल्या लोकांना जाड कांबळ्याआडून ऐकू यावं तसं काहीतरी. मिक्सरवरचा पोरगा वरच्या फ्रिक्वेन्सी वाढवत बसला. त्याने पुढच्यांचेच कान किटले, मागे काही पोचलं नाही. शाळेत भूगोलाच्या पेपरात खारे वारे आणि मतलई वारे दोन मार्कांना लिहिलेले, त्या रात्री पूर्ण फी भरून पुन्हा शिकलो.

तेव्हापासून किनाऱ्यावर मी स्टेजचं तोंड समुद्राकडे आणि पाठ गावाकडे करतो. रात्रीचा वारा आपल्या बाजूने राहतो आणि गावाची झोपही थोडी वाचते. बास मात्र चहूकडे पसरतो, त्याला पुढे-मागे कळत नाही. त्यासाठी दर तीन सबवूफरांतला एक उलट तोंडाने ठेवून त्याचा फेज आणि टाइम असा जुळवायचा की मागच्या बाजूचा बास एकमेकांना मारतो. दुपारच्या साउंडचेकला या मांडणीत वारा थेट माइकात घुसतो आणि ऊन वाजवणाऱ्यांच्या डोळ्यांत. शिव्या खायच्या. साउंडचेकला प्रेक्षक नसतात.

मेटलला हे सगळं इतर संगीतापेक्षा जास्त का नडतं, तेही ऐक, तुझ्या ड्रमरला सांग. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मोठ्या मैदानात स्टेजपासून ६० मीटरवर दुसरे स्पीकर उभे करतात, त्यांना डिले टॉवर म्हणतात. स्टेजचा आवाज तिथे पोचायला पावणेदोनशे मिलिसेकंद लागतात, म्हणून टॉवरचा आवाज तेवढाच रोखून सोडायचा. नाही रोखला तर? २०० च्या लयीत डबल बासचे (दोन पायांनी वाजवायच्या बास ड्रमचे) सोळांशी ठोके एकमेकांपासून फक्त ७५ मिलिसेकंदांवर असतात. म्हणजे एक ठोका कानावर पडेपर्यंत त्याच्या पुढचे दोन येऊन गेलेले. भजनात असं झालं तर आवाज घुमतो, थोडा गोडच वाटतो. मेटलमध्ये नुसता चिखल होतो. आणि दुपारी ३२ अंश, रात्री २२ अंश, एवढ्यानेही आवाजाचा वेग बदलतो, साठ मीटरला तीन एक मिलिसेकंदांचा फरक पडतो. मी शो सुरू व्हायच्या आधी टाइम पुन्हा एकदा जुळवतो. लोक म्हणतात हा वेडा आहे. म्हणू देत.

दंव हा दुसरा वैरी. जानेवारीत नऊनंतर पुळणीवर मिक्सरच्या फेडरांवर बोट फिरवलं तर ओलं लागतं. एसी खोलीतून आणलेली पेटी बाहेर लगेच उघडायची नाही, आतल्या थंड सर्किटवर बाहेरची दमट हवा पाणी होऊन बसते. पेटी बंद ठेवूनच तासभर बाहेरच्या हवेत राहू द्यायची. गिटारही तशीच: एसीत लावलेले सूर मैदानात उतरतात. मिठाच्या हवेत केबलच्या पिना हिरव्या पडतात, त्या दर हंगामाआधी घासायच्या.

अर्थिंग तर सगळ्यात आधी. कोरडी वाळू वीज नीट घेत नाही. वरच्या वाळूत सळी खोचून 'झालं अर्थिंग' म्हणणारा जनरेटरवाला भेटला तर त्याला कुदळ दे आणि ओली वाळू लागेपर्यंत खणायला लाव. खारट पाण्याने भिजलेली वाळू छान काम करते. नाहीतर गिटारच्या तारांना हात आणि माइकला ओठ असा योग जुळला की मुंगी डसल्यासारखं होतं, आणि ते फक्त मुंगीवर भागलं तर नशीब.

कायद्याचं थोडक्यात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्रासारख्या सणांतच संपतात. म्हणजे किनाऱ्यावरचा शो सूर्यास्ताला सुरू आणि पावणेदहाला बंद. शिवाय भरतीरेषेजवळ काही उभं करायचं तर सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, परवानग्या लागतात.

आणि कासवं. वेळास, आंजर्ले, गुहागर या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात, म्हणजे शोच्या हंगामातच. वाळूतून निघालेलं पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. रात्री समुद्रावर जो मंद उजेड असतो तोच त्याची वाट. तिथे आपण मूव्हिंग हेड आणि स्ट्रोब, म्हणजे फिरते आणि लुकलुकते दिवे, लावले तर पिल्लं उलटी गावाकडे वळतील. त्या पुळणींवर मी काम घेत नाही, कितीही पैसे दिले तरी.

यावर कोणी म्हणेल, मग मेटल आणि निसर्ग जमायचंच नाही. ८ डिसेंबर २०१३ ला मेटालिकाने अंटार्क्टिकात, अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर शो केला. पर्यावरणाच्या अटी कडक, स्पीकर लावायला बंदी. एका पारदर्शक घुमटात बँड उभा राहिला, सव्वाशेच्या आत-बाहेर श्रोते, आणि प्रत्येकाच्या कानावर हेडफोन. गिटारचे अँप्लिफायर बाजूला ठेवून आवाज मॉडेलरमधून, म्हणजे अँप्लिफायरची नक्कल करणाऱ्या डिजिटल पेटीतून, काढला. बाहेर उभ्या असलेल्याला फक्त ड्रमचा ठकठकाट आणि गायक जेम्स हेटफिल्डचं ओरडणं ऐकू आलं असेल. मला विचारशील तर आजवरचा सगळ्यात शिस्तीचा मेटल शो तो.

त्या मॉडेलरवरच तुझ्या प्रश्नाचं दुसरं अर्धं उत्तर आहे. भिंतीएवढे अँप्लिफायर आणि त्यांचे कॅबिनेट आता अनेक बँडांच्या मागे नुसते शोभेला असतात. खरा आवाज एका छोट्या पेटीतून निघून थेट मिक्सरला जातो. त्यामुळे युरोपात लहान मेटल बँड नऊ सीटच्या एका व्हॅनमध्ये, मागे सामान कोंबून, महिना-महिना फिरतात. मानधनात डिझेल सुटतं, जेवण आणि नफा टी-शर्टांवर. दिल्लीचा ब्लडीवुड २०१९ ला ढोल घेऊन वाकेनला वाजवून आला, तोही राजेशाही विमानाने गेला नव्हता. कोकणात बाहेरचा मेटल बँड आला तर असाच येईल: गोव्यात शुक्रवार, पुण्यात रविवार, मधला शनिवार रिकामा, आणि वाटेत कुडाळ किंवा रत्नागिरीला कोणीतरी तीनशे माणसांचं बंद सभागृह, साफ वीज आणि पोटभर माशाचं जेवण देणारा. बंद सभागृहाला वारा नाही, दंव नाही, कासवं नाहीत.

आमची दशावतारी मंडळं हेच करत आली आहेत. जत्रेच्या हंगामात आज या गावात, उद्या त्या गावात, सलग महिनोन्महिने. एका पेटाऱ्यात मुकुट, शस्त्रं, कपडे आणि गणपतीचा मुखवटा, सोबत पायपेटी, मृदंग, झांज. पूर्वी तो पेटारा डोक्यावर घेऊन चालत जायचे. रंगमंच, उजेड, जेवण गावाचं. खेळ आधी नाही, पेटाऱ्याची पूजा आधी. टूर मॅनेजर नावाचा प्राणी मी खूप नंतर पाहिला, पण सामान मोजल्याशिवाय गाडी हलू न देणारा मंडळाचा मालक लहानपणीच पाहिला होता.

तेव्हा मेडनची वाट बघू नका, आधी तुम्ही निघा. तुमचा सगळा संसार आठ पेट्यांत आणि एका टेम्पोत बसला पाहिजे, त्यातल्या प्रत्येक पेटीवर नंबर आणि झाकणाच्या आत यादी. गिटार आणि बास मॉडेलरवर, ड्रमरने फक्त स्नेअर, पेडल आणि झांजा आणायच्या, बाकीचा किट जिथला तिथे. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, पणजी अशी साधारण ३२० किलोमीटरची वाट आहे, चार दिवसांत चार शो होतात. पहिल्या फेरीत पैसे मिळणार नाहीत, टी-शर्ट छापून घ्या.

आधी मला एका कागदावर स्टेज प्लॉट पाठव: कोण कुठे उभा, कोणाला किती चॅनेल, कोणाला कुठे वीज. हाताने काढलेला चालेल. पाऊस लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात माझे चार टॉप (वरचे स्पीकर) आणि दोन सबवूफर गोडाउनात रिकामे पडलेले असतात. भाडं नको, डिझेल तुमचं, आणि लोडिंगला चौघांनीही हात लावायचा. ड्रमरनेसुद्धा.